दुर्गेशसाठी एकहाती कंट्रोलर

३ नोव्हेंबर, सोमवार
संकल्प. आमच्या सौ. मेघाचा धाकटा भाऊ दुर्गेश. गेल्या हंगामात समुद्रपूरला थ्रेशरने त्याच्या उजव्या हाताची बोटे नेली. तेव्हापासून हसणे बंद, बोलणे माफक. शाळेत असताना व्हिडिओ गेममध्ये अख्ख्या तालुक्यात अजिंक्य होता. मी एफपीजीए बोर्ड मागवला आहे. म्हणजे अशी चिप, की सांगाल ते जुने गेमचे यंत्र ती होते. मयासुरच. तिला डाव्या हाताने चालणारा कंट्रोलर मी स्वतः जोडणार. रविवारपर्यंत. शब्द दिला आहे.

४ नोव्हें.
टीव्ही दुरुस्त करणाऱ्या तानबाकडून सोल्डरिंग गन आणली. सोबत न मागितलेला सल्ला: “गुरुजी, कागद पाहून जोडजा. एक वायर लावली का एक बटन दाबून पाहाजा.” ज्याने संस्कृत क्रियापदांचे दहाही लकार तोंडपाठ केले, त्याला आठ वायरींची भीती घालतो!

५ नोव्हें., सायं. ६
पोळपाट हे उत्तम टेबल आहे. मेघाचे मत निराळे. “पोयपाटावर काऊन सोल्डर करून राह्यले?” हा प्रश्न उत्तरासाठी नव्हता.

६ नोव्हें.
विश्रांती. तर्जनी भाजली. सोल्डर निकृष्ट.

७ नोव्हें.
बोर्डाचा कागद एकदाचा वाचला. दिशांच्या बटनांचा क्रम: उजवे, डावे, खाली, वर. काय हे! जन्मात कधी देवळात गेलेला माणूस असे मोजेल? मी प्रदक्षिणेच्या क्रमाने जोडले: वर, उजवे, खाली, डावे. तपासणी अनावश्यक. अज्ञजनांनी हात लावू नये म्हणून वरून ग्लूचा जाड थर.

८ नोव्हें.
चालू केले. ‘वर’ दाबले की गेममधला शिपाई उजवीकडे पळतो, ‘उजवे’ दाबले की डावीकडे. ‘डावे’ दाबले की उडी. ‘खाली’ मात्र बिनचूक. म्हणजे सिद्धान्त बरोबर, गेम करणारा दिशाहीन. दुर्गेश हुशार आहे, सवय करून घेईल.

९ नोव्हें., रविवार, दु. ४
दुर्गेश आला. शिपाई सतरा वेळा खड्ड्यात. त्याने कंट्रोलर हलकेच खाली ठेवला. म्हणाला, “भाऊजी, हाही हात गेला माहा.”
मी म्हणालो, सराव हवा. क्रमाचे सांगायचे राहून गेले.
मेघाने कंट्रोलर उचलला. “वर दाबलं तं हा उजवीकडे काऊन पळून राह्यला?” मग माझ्याकडे पाहिले. कागद मागितला. दिला. प्रदक्षिणेचा मुद्दा मी दोन वाक्यांत मांडला. तिसरे अपुरे राहिले, कारण दुर्गेश हसत होता. पोट धरून. “मारोतीले घाला ना भाऊजी प्रदक्षिणा, मशीनले काऊन घालता!”

सायं. ६
त्याने डाव्या हाताने ग्लू खरवडला. तीन वायरी सोडवल्या. ‘खाली’ची तशीच ठेवली, हे नमूद करतो. कागद पाहून एकेक लावली, एकेक बटन दाबून पाहिले. वायर धरायला एक हात कमी पडत होता. ते काम मला मिळाले. “हलू नका भाऊजी,” असे तीनदा बजावण्यात आले.