पुस्तकात नसलेला बाप

कडूबादादा,

बेबीनंदाचा जयभीम.

वहिनींचा फोन आल्ता. तुझी नजर आता परत येणार न्हाई असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून तू कोणाशी बोलतच न्हाईस, असं म्हणत होत्या.

तेव्हापासून मला धावड्याच्या आपल्या घराचं अंगण आठवून राह्यलं. शाळेतून आणलेली कादंबरी तू संध्याकाळी मोठ्यानं वाचायचास. त्यातली नर्सबाई लहानपणी बापाला म्हणते, "बाबा, लग्न थांबलं तर पुन्हा जमतं. शिक्षण थांबलं की थांबलंच." तो प्रसंग मी तुला पुन्हा पुन्हा वाचायला लावायची. आपले बाबा बाजूला मिरच्या निवडत गपचूप ऐकायचे. दहावीनंतर मला बघायला पाहुणे आले, तेव्हा बाबांनीच त्यांना परत पाठवलं. म्हणून मी आज मंठ्याच्या दवाखान्यात सिस्टर आहे.

मागच्या आठवड्यात जालन्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात तीच कादंबरी मिळाली. ड्यूटीवरून येऊन सगळी वाचली. तो प्रसंग त्यात न्हाईच, दादा. त्या नर्सबाईला तर बापच न्हाई. तू पानावर नजर ठेवून मनानंच रचत होतास, आणि बाबांना ऐकवत होतास. इतक्या वर्षांत मला एका शब्दानं बोलला न्हाईस.

हे पत्र मी टाकणार न्हाई. ते तुला दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. त्यापेक्षा रविवारी मीच येते. पुस्तक तुझ्या हातात देते, मंग तू मला वाचून दाखव. तसंही तू त्यात बघून कुठं वाचायचास?

तुझी,
बेबी