गाडीचं मागचं नाक

गाडी भाऊ म्हणून दिलीस की वैरी म्हणून, ते आधी सांग. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा आज नऊ दिवस पेटलेला आहे आणि घरात कुणाचं कुणाशी धड बोलणं नाही.

चिरंजीव धाकट्यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद (राग उतरला की लागू). तुझे गुडघे कसे आहेत? माझे बरे आहेत, म्हणजे विचारू नकोस.

तर ऐक. पहिल्या दिवशी माझा लेक म्हणाला, पेट्रोलचं झाकण सैल असेल. ते त्याने इतकं आवळलं की आता उघडायला शेजाऱ्याला बोलवावं लागतं. दिवा तसाच. मग मेकॅनिक आला. त्याने मोबाइलएवढं यंत्र स्टेअरिंगखाली खुपसलं, नाडी बघावी तसे डोळे मिटले आणि म्हणाला, "आजी, धुराच्या नळीला दोन सेन्सर असतात. एक धूर गाळणाऱ्या डब्याच्या आधी, एक नंतर." म्हणजे दोन नाकं. (आपल्या घराण्यात वडिलांचं एकच होतं, तेवढं सगळ्या गावात खुपसायला पुरलं.) यंत्र म्हणालं, मागचं नाक गेलं. पण मागच्यासाठी गाडीखाली सरपटावं लागतं आणि मेकॅनिकचं पोट तू पाहिलेलं नाहीस. तो म्हणाला, "यंत्रं काहीही बोलतात, खोड पुढच्यातच असते." पुढचं नाक नवं बसवलं. दिवा मजेत पेटला. मग म्हणाला, डबाच गेला. डब्याची किंमत ऐकून लेक पायरीवरच बसला, आणि उठला तो हेच म्हणत, की मामाने बिघडलेली गाडी गळ्यात मारली, रविवारी नेऊन त्याच्या दारात उभी करतो.

मी म्हटलं, "अरे, मग मी मामाशी भांडायला जाऊ कशाने?" तर म्हणतो, "फोनवर भांड." फोनवर समोरच्याचं पडलेलं तोंड दिसत नाही, हे या पोराला कोण सांगणार.

तुझी ताई

ता. क. शनिवारी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघणार आहेत.

आणखी एक ता. क. नऊ दिवसांपूर्वी गाडीखाली झाडताना झाडू एका लोंबत्या वायरीत अडकला. मी ती कात्रीने कापली. तुकडा चिवट निघाला, त्याने गुलाबाची फांदी बांधली आहे. तेव्हा लेकाला लिही, की वायर तुझ्याकडे असतानाच अर्धी तुटली होती, तू चिकटपट्टी लावलीस आणि सांगायला विसरलास. तुला तो शिव्या देतोच आहे, त्यात एकीची भर. मला या वयात पहिलीपासून खाव्या लागतील. उत्तर शनिवारच्या आत, आणि तुझ्याच हातचं. बायकोला लिहायला बसवू नकोस, ती खरं लिहिते.