घरातला डॉक्टर

१ जानेवारी १९८९, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या लोकांना ही सवय असते. मेडिकलची एन्ट्रन्स १४ मे रोजी, मुंबईला. भरपूर वेळ आहे. गेल्या वर्षी बारावीला बायोलॉजीचा पेपर तपासणाऱ्याने अन्याय केला, नाहीतर आज मी हॉस्टेलवर असतो. आता ऑल इंडिया लेव्हलला दाखवून देणार.
टाइमटेबल केलं. फिजिक्स निळ्या शाईने, केमिस्ट्री हिरव्या, बायोलॉजी लाल. त्यातच दिवस गेला. उद्यापासून पहाटे चारला उठणे.
संकल्प: कोणी 'केरू' म्हणून हाक मारली तर ओ द्यायची नाही. ताबडतोब अंमल. बाबा बोटीवर तांडेल आहेत, खलाशी त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. त्यांनी बंदरावर एकदाच सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळी वाडी मला 'डागतर' म्हणू लागली. सगळ्यात जास्त वेळा बाबाच म्हणाले. उगाचच. नुसतं म्हणायचं म्हणून.

२ जानेवारी
सातला उठलो. थंडीत मेंदूला जास्त झोप लागते, हे शास्त्र आहे.

९ जानेवारी
सहीची प्रॅक्टिस. डॉ. के. डी. डोर्लेकर. वाचता येते तोवर ती डॉक्टरची सही नव्हे. दुपारपर्यंत मलाही वाचता येईना. चांगली प्रगती.

२२ जानेवारी, रविवार
शेजारची भागूबाई गुडघा दाखवायला आली. गरम पाण्याचा शेक सांगितला. संध्याकाळी बरं वाटतंय म्हणाली आणि चार बांगडे देऊन गेली. लोकांना डिग्रीनंतरही पेशंट मिळत नाहीत. मला आधीच.
फिजिक्स राहिलं. फेब्रुवारीत घेऊ.

५ फेब्रुवारी
डिसेक्शन. बेडूक मिळेना, म्हणून आईने कालवणासाठी ठेवलेला सौंदाळा घेतला. पोट फाडल्यावर चक्कर आली. रक्तामुळे नव्हे, मी उपाशी होतो. मासा वाया गेला, आई खूप बोलली. कोळंब्या-बांगड्यांत जन्म गेलेल्या माणसाला सायन्स समजावणं कठीण.

१७ फेब्रुवारी, पहाट
उठलो! मामाने परळहून पाठवलेलं गाइड उघडलं. प्रकरण: पँक्रियाज. 'आयलेट्स ऑफ लँगरहान्स, इन्सुलिन, ब्लड शुगर' हे चालीवर बसवलं आहे. आरतीसारखं म्हणता येतं.
व्यत्यय एकच. बाबा दर थोड्या वेळाने उठून पाणी पितात. माठावरचं झाकण वाजतं, लय तुटते. पाणी पिऊन झालं की तिथेच उभे राहून ऐकतात. आज म्हणाले, काय समाजला नाय, पन आयकायला बरा वाटता.
माठ पडवीत ठेवायला सांगितला.

२ मार्च
माठ पडवीत गेल्यापासून शांतता. आता बाबा मागे न्हाणीकडे सारखे जातात, त्या दाराची कडी वाजते. तिला तेल घातलं.

११ मार्च
आईची नवी तक्रार. न्हाणीमागे बाबा जिथे बसतात तिथे मुंग्या लागतात. लाल मुंग्या, रांगच्या रांग. मी तिला सांगितलं की मुंगी आर्थ्रोपोडा फायलममध्ये येते, क्लास इन्सेक्टा. आई म्हणाली, ता माज्या ध्यानात ऱ्हायाचा नाय, पन मुतावर कशाला येतायत? मी पावडर टाकली. प्रश्न मिटला.

२४ मार्च
शिमग्यात अभ्यास होणं शक्यच नव्हतं. पालखी घरी आली तेव्हा बाबांनी गाऱ्हाणं घातलं: माज्या पोराच्या हाताला येश दे. पालखी खांद्यावर घेऊन नाचवतानाच ते बसले. धाप लागली. दरवर्षी सगळ्यांत शेवटी खांद्यावरून पालखी उतरवणारा माणूस. मी नाडी बघितली. घड्याळ नव्हतं, तरी बघितली. लोक बाजूला सरले, मला जागा दिली. फार छान वाटलं.
निदान: अशक्तपणा. सदरेही ढगळ झालेत. उपाय: ग्लुकोज पावडर, रोज दोन ग्लास. पहिला ग्लास बाबा सगळ्यांसमोर प्यायले.

४ एप्रिल
केमिस्ट्री सुरू करणार होतो. पुस्तकाला कव्हर घातलं.

१२ एप्रिल
जाळ्यातून मासा सोडवताना बाबांच्या उजव्या तळहातात शिंगाळ्याचा काटा घुसला. बंदरावर हे रोजचं. धुऊन आयोडीन लावलं. बँडेज असं बांधलं की भागूबाई बघायला आली. माझी पहिली सर्जिकल केस. ताकदीसाठी ग्लुकोज तीन ग्लास केले.

२१ एप्रिल
जखम भरत नाही. बाबा काळजी घेत नाहीत, हात ओला करतात. गाइडात जखमा भरण्याचं प्रकरण नाही, म्हणजे सिलॅबसमध्ये नाही.
फिजिक्स सोडून द्यायचं ठरवलं. चार पर्याय असतात, त्यातला एक बरोबर. म्हणजे काही न करता पंचवीस टक्के. लोक उगाच घाबरतात.

२ मे
आईने आज भांडण काढलं. हाताला वास येतोय, सिविलात नेऊया, तू तरी सांग. मी बघतोच आहे, म्हणालो. मग बाबाच म्हणाले, घरात डागतर असताना सिविलात कशाला जायचा? लोका काय म्हनतील? हसूनच म्हणाले. आई पदर तोंडाला लावून आत गेली.
बाबांचा माझ्यावर केवढा विश्वास! डोळ्यात पाणी आलं. या विश्वासाला जागायचं. उद्या पहाटे चार.

१० मे
बाबांना ताप. बोटीवर गेले नाहीत. मधलं बोट काळसर दिसतं. आयोडीनचा डाग असणार, आयोडीनला असा रंग चढतो. दाबलं तर बाबांना कळत नाही. दुखत नाही ही चांगली गोष्ट.
उद्या सकाळच्या एसटीने मुंबई. मी थांबू का विचारलं. बाबा खवळले. तुज्यासाटी सगला केला, आनि आता थांबतो म्हनं. माठातलं पाणी पिऊन मला सोडायला रस्त्यापर्यंत येणार म्हणतात.

११ मे, एसटीत
आले नाहीत. उठवेना. पडवीतून हात वर केला, डावा.

१४ मे, रविवार, मामाची खोली, परळ
झाली! फिजिक्स अंदाजाने. केमिस्ट्री बऱ्याच अंशी अंदाजाने. पण बायोलॉजीत एक प्रश्न आला: अति तहान, वारंवार लघवी, वजन घटणे, जखम न भरणे. कोणती ग्रंथी? मला हसू आलं. पँक्रियाज! पुरतं वाचायच्या आत उत्तर भरलं. त्या पानासाठी पहाटे उठलो होतो, माठ हलवला होता. कष्ट वाया जात नाहीत. मामा म्हणाला, एवढा एक तर नक्की ना? म्हटलं, डोळे मिटून.

१७ मे
घराला कुलूप. भागूबाई म्हणाली, सिविलात.
मी गेलो तेव्हा आई व्हरांड्यात बसली होती. मी निघालो त्याच दिवशी दुपारी बाबा बेशुद्ध झाले. खलाशांनी टेम्पोत घालून नेलं. शुगर भयंकर होती. हाताची कीड हाडापर्यंत गेली होती. जीव वाचवायला उजवा हात मनगटापासून काढला.
डॉक्टर राउंडला आले. तरुणच होते. आईला पुन्हा विचारलं, तहान कधीपासून? लघवीला मुंग्या? वजन? प्रत्येकाला ती होय म्हणत गेली. काय देत होतात? आई म्हणाली, गुलकोज. डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, बाई, घरात शिकलेलं कोणीच नाही का?
मी तिथेच उभा होतो, तिच्या खांद्याला लागून.
आई म्हणाली, नाय.

१८ मे
विचार करून लिहितो. प्रश्नात चारी गोष्टी एका ओळीत दिल्या होत्या. घरी त्या एका ओळीत आल्या नाहीत. पाणी फेब्रुवारीत, मुंग्या मार्चमध्ये, जखम एप्रिलमध्ये. कोणालाही
(पुढचं लिहून खोडलं.)

२९ मे
बाबांना घरी आणलं. रोज सुई टोचायची, इन्सुलिनची. नर्सने मला शिकवायला घेतलं. सुई बघून चक्कर आली. सकाळी पोटभर जेवलो होतो. आई शिकली. एकदा दाखवल्यावर तिला जमलं.
बाबा माझ्याशी बोलतात, पण कसलीच हाक मारत नाहीत. अरे, असं म्हणतात.

३ जुलै
रिझल्ट लागल्याचं मामाने कळवलं. नंबर नाही.
टाइमटेबल भिंतीवरून काढलं. ओलीने तिन्ही शाया एकमेकांत उतरल्या होत्या.
मिरजोळ्याला एका कारखान्यात खोकी भरायचं काम मिळतंय. उद्या सकाळी जायचं. बाबांच्या बोटीचं सुकाणू पावसाळ्यानंतर दुसरा कोणीतरी धरील. मालक येऊन सांगून गेला, चांगल्या शब्दांत. तो गेल्यावर बाबा बराच वेळ बंदराच्या दिशेला तोंड करून बसले. मला रडू आलं, मी न्हाणीकडे गेलो. तिथे आता मुंग्या नाहीत.
संध्याकाळी माठ पडवीतून उचलून पुन्हा आत ठेवला, होता तिथेच. बाबा बघत होते. उठून झाकण काढायला गेले. झाकण डाव्या हाताने निघालं, मग तांब्या धरायला हात उरला नाही. झाकण हातात घेऊन तसेच उभे राहिले.
मग म्हणाले, केरू, वायच पानी दे.
मी ओ दिली.