पाहुण्यांच्या खोलीतले पहिले पाहुणे

तीर्थस्वरूप अक्का हिला,

धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघे जेवढं वाकू देतात तेवढा). इकडे देवाच्या कृपेनं आम्ही दोघं ठीक आहोत. तुझी कंबर कशी आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतेस, की कपाटात घडी करून ठेवला आहेस? बांध हो. पैसे मोजून आणलेली वस्तू न वापरणं याला मी पापच समजते.

अक्का, लिहायला बसले आहे खरी, पण आनंदानं कुठून सुरुवात करू असं झालंय. आमच्याकडे पाहुण्यांची खोली झाली! गेल्या खेपेला तू हॉलमधल्या सोफ्यावर झोपलीस, उठताना कंबर सोफ्यातच राहिली, वर उजाडायच्या आत तुझ्या मेहुण्यांनी तुझ्या डोक्याशी टीव्हीवर बातम्या लावल्या. निघताना तू म्हणालीस, "यापुढे तुझ्याकडे चहापुरती येईन, मुक्कामाला नाही." हसत म्हणालीस, पण तुझं कुठलं हसू खरं आणि कुठलं वरवरचं, ते मला लहानपणापासून कळतं. आई-बाबा गेल्यावर माझं माहेर म्हणजे तूच. माहेरच मुक्कामाला यायचं नाही म्हणायला लागलं, तर मी तोंड कुठे न्यायचं? तुझी रिक्षा वळली आणि मी ठरवलं, लेकीची खोली रिकामी करायची आणि अक्काला हक्काचा पलंग द्यायचा.

रिकामी करायची म्हणणं सोपं. तुझी भाची नोकरीसाठी लांब गेली, तिकडेच तिनं घर केलं, पण इथली खोली जशीच्या तशी होती. (मी ती रोज झाडत होते. कुणासाठी, ते विचारू नकोस.) फोन करून विचारलं, तर म्हणाली, "आई, सगळं टाकून दे. फक्त माझ्या दगडांना हात लावू नकोस." आता त्या खोलीत दगडांशिवाय दुसरं होतं काय? कॉलेजात भूगर्भाचा अभ्यास करायची तेव्हा पिशव्या भरभरून दगड आणायची, आठवतं ना? पलंगाखाली दगड, कपाटात दगड, पुस्तकांच्या मागे दगड. प्रत्येकावर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर असं नाव की उच्चारताना कवळी निसटावी. मी भंगारवाल्याला बोलावलं (नुसता भाव विचारायला, तिला कळवू नकोस), तर तो म्हणतो, "काकू, हे न्यायचे असतील तर पैसे मी नाही, तुम्ही द्यायचे." एवढा अपमान त्या दगडांचा! मग मीच त्यांना कामाला लावलं. पलंगाचा एक पाय आखूड होता, त्याखाली एक सपाट दगड. दार वाऱ्यानं आपटतं, तिथे एक जाडजूड. बाकीचे खिडकीत ओळीनं मांडले, शोभेला. देवानं घडवलेलं काही वाया जात नाही, आपणच आळशी.

भिंतीवर तिचा ज्वालामुखीचा मोठा तक्ता होता. तो ओढला, तर त्याच्याबरोबर भिंतीचा पोपडाही आला. रंगारी म्हणाला, अख्खी भिंत खरवडावी लागेल. मी म्हटलं, तक्ता परत लाव. "मावशी, पाहुण्यांना ज्वालामुखीखाली झोप लागेल का?" म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, मी इतकी वर्षं यांच्या घोरण्याशेजारी झोपते आहे. लागते." मुकाट्यानं चिकटवलान. पडदे जुन्या चादरींचे शिवले. गादी मात्र नवी, कापसाची, मऊ. (तो आकडा वहीत लिहिताना देवाचं नाव घेतलं आणि डोळे मिटून लिहिला. पुढच्या ओळीत गेलाय.)

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग मला अवदसा आठवली. वाटलं, भाजीतलं मीठसुद्धा आपण चाखून बघतो, मग अक्काला बोलावण्याआधी खोली नको का चाखायला? यांना म्हटलं, एक दिवस पाहुणे व्हा आणि काय कमी पडतं ते सांगा. "माझ्याच घराची बेल मी वाजवायची?" म्हणून कुरकुरले, पण गेले पिशवी घेऊन बाहेर आणि वाजवली. मी दार उघडलं, "या, या, प्रवास कसा झाला?" म्हटलं. "बरा झाला. तुमचा जिना तेवढा उंच आहे," म्हणाले. मला हसू आवरेना. पाणी दिलं, ठेवणीतल्या कपबशा काढल्या, धुतलेला टॉवेल दिला. खोली पाहून म्हणाले, वा.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, झाली परीक्षा, उठा आता. तर गादीवर मांडी घालून म्हणतात, "वहिनी, एवढ्यात कुठे? यजमानांची हरकत नसेल तर आणखी दोन दिवस राहतो म्हणतो."

वहिनी! अक्का, लग्नाच्या बायकोला!

आणि माझी पंचाईत अशी की पाहुणा म्हणजे देव, हे आईनं आपल्या दोघींच्या डोक्यात ठोकून बसवलंय. नवऱ्याला मी ऊठ म्हणू शकते, पाहुण्याला कशी म्हणू? त्यामुळे मुक्काम अजून हललेला नाही. बरं, वागणं इतकं गोड की तक्रारीला जागा नाही. चादरीची घडी स्वतः घालतात. जेवण झालं की ताट मोरीत नेऊन ठेवतात. मी बातम्या लावू का विचारलं, तर म्हणाले, "नको, घरच्यांची झोपमोड होईल." आमटी वाढली तर म्हणाले, "तुमचे यजमान नशीबवान आहेत." मी म्हटलं, "एकदा त्यांनाही सांगा." तर म्हणाले, "भेटले की सांगतो."

परवा लेकीचा फोन आला. बाबा कुठे आहेत, विचारलं. म्हटलं, पाहुण्यांच्या खोलीत. "कोण आलंय?" म्हटलं, "बाबा." मग हळूच म्हणाली, "आई, तुमचं दोघांचं बरं चाललंय ना?"

तेव्हा अक्का, हात जोडून सांगते, मिळेल त्या गाडीनं ये. खरा पाहुणा दारात आला की खोटा उठेलच. गादीला यांच्या अंगाचा खळगा पडायच्या आत ये.

तुझी,
धाकटी

ता. क. – मिळेल त्या गाडीनं असं वर लिहिलंय, पण तशी घाई नाही. आत्ताच पाहुण्यांनी मला भाजी निवडून दिली. देठं ठेवून पानं टाकली, पण दिली. पुढच्या महिन्यात आलीस तरी चालेल.

ता. क. दुसरा – पत्र यांच्याकडे पेटीत टाकायला दिलं होतं. यांनी उघडून वाचलं. (दुसऱ्याचं पत्र वाचणारा तो कसला पाहुणा! तसं मी बोलूनही दाखवलं.) हसतील म्हटलं, तर हसले नाहीत. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अक्का माझ्यामुळे येत नाहीत, हे मला का नाही सांगितलंस?" नंतर पाहिलं, तर खोली झाडून मोकळी केलेली, आणि टीव्ही हॉलमधून उचलून आमच्या झोपायच्या खोलीत नेलेला, म्हणजे बातम्या आता माझ्या उशाशी.

ता. क. शेवटचा – म्हणून खरं काय ते लिहिते. तू महिनाभर राहायचंच, पण गादी दोघींना पुरेल एवढी रुंद आहे, मी मापून घेतली होती. तू आलीस की मीही त्या खोलीत मुक्कामाला येणार. तू पाहुणी, मीही पाहुणी. लग्न झाल्यापासून आयता चहा मी फक्त आईच्या हातचा प्यायले. यांना विचारलं, चालेल का? चालेल म्हणाले, दोघींचं सगळं मी बघेन. लगेच स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ डबे उघडल्या-मिटल्याचे आवाज आले, आणि मग आतून हाक आली, "अगं, आपल्याकडे साखर असते ना?"