सुपाखालचा रेडिओ

आये, तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज तुझ्याशी भांडावंसं वाटतंय. सकाळपासून हात एका जागी ठरत नाही. तांदूळ निवडायला घेते, ठेवते, पुन्हा घेते.

तुझी पणती आता दहा वर्षांची आहे. मुलगा नि सून आटगाव स्टेशनावरून गाडी धरून कामाला जातात, त्यामुळे शाळा सुटल्यावर ती माझ्याजवळच असते. रविवारी सगळे घरात होतो आणि टीव्हीवर बातमी लागली होती. शाळेच्या गाडीवाल्यानं एका लहान मुलीला छळलं होतं. काय केलं ते कोणी नीट सांगत नव्हतं. मुलीचं पुसट केलेलं चित्र, मागे ढोल बडवल्यासारखा आवाज, आणि बातमी देणारी बाई ओरडतेय की आपल्याला लाज वाटली पाहिजे. नातीनं विचारलं, "आजी, त्यानं तिला काय केलं गो?" मी म्हटलं, "मारलं." ती म्हणाली, "मग मारलं असं सांगतील ना. त्यात लाज कशाला?" मुलानं चॅनल बदललं. तिथे साबणाच्या जाहिरातीत बाई नि बुवा एकमेकांना चिकटलेले. त्यानं तेही बदललं. पोरगी म्हणाली, "पप्पा, अंगठा दुखंल तुमचा." सून हसली. मला हसू आलं नाही.

सोमवारपासून ती शाळेच्या रिक्षात बसत नाही. पोटात दुखतं म्हणते. रिक्षावाला आपल्याच गावचा, नातवंडं असलेला माणूस. तो दारात उभा राहून विचारतो, "काय गो बाय, माझ्यावर रुसलीस काय?" आणि ही माझ्या पाठीमागे लपते. त्याचा चेहरा उतरतो. काल ती परसात मोबाइल तोंडाजवळ धरून त्या मोबाइललाच हळू आवाजात काहीतरी विचारत होती. मला बघून तिनं तो पाठीमागे लपवला. मला विचारणं तिनं सोडलंय, आये. तिला ठाऊक झालंय की आजी खोटं सांगते.

मीही तुला विचारणं असंच सोडलं होतं. धसईच्या आसपास कुठेही लग्नाची हळद असली की तुला गाणी म्हणायला बोलावणं यायचं. मी तुझ्या मांडीला टेकून बसलेली. तू व्याह्याच्या नि विहिणीच्या नावानं चावट गाणं घेतेस, बाया तोंडाला पदर लावून हसून लोळतात, पुरुष मान खाली घालून विडी ओढतात, आणि आम्ही पोरं काही न कळता खदाखदा हसतो. परत येताना मी त्या गाण्याचा अर्थ विचारला, तर तू म्हणालीस, "गप चाल. ठेच लागंल." मांडवात एवढं मोकळं गाणारी तू, घरात रेडिओवर पाळणा लांबवायची नुसती जाहिरात लागली तरी धावत यायचीस. बटण कोणतं ते तुला माहीत नव्हतं, म्हणून रेडिओवर सूप पालथं घालायचीस. आवाज सुपाखालून येतच राहायचा, आणि आम्ही कान देऊन जास्तच ऐकायचो.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. पुड्यांचे कागद वाचत वाचत मी पुस्तकांपर्यंत पोचले, आणि माझ्याच अंगाची माहिती मला दोन लेकरं झाल्यावर छापलेली सापडली. किती साधी वाक्यं होती ती. टीव्हीवाल्यांना तशी वाक्यं येत नाहीत का? मुलं जागी असतात त्या वेळेला, न ओरडता, न लाजवता सांगा ना. ओरडून भीती घालतात आणि लगेच साबण विकतात. मधलं सांगायला घरात माणूस लागतं. तुझ्या गाण्यात निदान हसणारी बाई ओळखीची असायची. या मोबाइलात कोण हसतंय ते पोरीला कळत नाही.

म्हणून आज मी तिला जवळ बसवलं आणि त्या मुलीला काय झालं असेल ते सांगितलं. अंग तुझं आहे, नको असलेला हात लागला की ओरडायचं नि घरी येऊन सांगायचं, कोणी काही म्हणो. मोठी माणसं दोघांच्या मर्जीनं जवळ येतात ते वेगळं, त्यात घाण काही नाही. माझी जीभ अडखळत होती. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे रिक्षावाले काका तसे नायत?" मी म्हटलं, "नायत. पण कोणीही असो, तुला कसंतरी वाटलं तर मला सांग." ती म्हणाली, "उद्या जाऊन बघते." मला वाटलं, सुटले. तर उठता उठता विचारते, "आजी, आजोबा तुला जवळ घ्यायचे ते तुला आवडायचं?"

आये, हे गेल्यापासून त्यांचं नाव काढलं की घरातले सगळे आवाज खाली करतात. तिनं सरळ विचारलं. मी म्हटलं, "हो, आवडायचं."

सून आली तेव्हा मी तिला बाकी सगळं सांगितलं. एवढं मात्र नाही सांगितलं. हे मी तिच्या आजोबांनाही, ते असताना, कधी बोलले नव्हते.