निळ्या निशाणाखाली

१२ सप्टेंबर १९९४, हेल्मर, नेब्रास्का

आलो एकदाचा! गाव एवढंसं, की पेट्रोल भरायला थांबलो तर पंपवाल्याने विचारलं, तूच ना तो कुबिकबाईंचा नवा माणूस? मोठ्या रेल्वेत बारा वर्षं काढली आणि त्यातल्या निम्म्या रात्री परगावच्या लॉजवर. टेस म्हणायची, नवऱ्यापेक्षा पोस्टमन जास्त ओळखीचा झालाय. आता ते संपलं. इथली लाइन इतकी आखूड आहे, की सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी जेवतो. नॉर्थ प्लॅटचं घर विकलं गेलं की टेसही येईल. मला आयुष्यात एवढंच हवंय, दुसरं काही नको.

मोठ्या रेल्वेने ही शाखा मोडीत काढली, तेव्हा व्हेराबाई कुबिक आणि त्यांच्या नवऱ्याने शेत विकून ती घेतली. नवरा गेला, लाइन राहिली. ग्राहक गाठणं, फोन घेणं, तण मारणं, सगळं बाई स्वतः करतात, वेळ पडली तर इंजिनही चालवतात. माझ्यासाठी जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे इकडचे गोड पाव, भाजून आणले होते. म्हणाल्या, खाऊन घे, इथे पगार बेताचा असतो आणि पोट मात्र सुटतं.

१५ सप्टेंबर

काम आवडलं. शेतकरी मका कोठारात आणून ओततात. आम्ही तिथे रिकामे डबे लावतो, भरलेले ओढून जंक्शनवर मोठ्या रेल्वेच्या ताब्यात देतो. पुढे नाव त्यांचं, धूळ आमची. येताना खत आणायचं. धंदा थंड असला की परक्यांचे रिकामे डबे आपल्या रुळांवर उभे करून भाडं खायचं. ड्रायव्हर ड्वेन स्टेह्लिक, साठीचा, तोंडाचा फटकळ. डबे जोडणं-सोडणं माझ्याकडे. रूळ जुने, म्हणून गाडी रमतगमत जाते. ड्वेन म्हणतो, कासव पुढे गेलं तर हात करत जा पोरा, शेजारधर्म आहे.

आज फोनवर टेसला हे सांगितलं. किती दिवसांनी तिला असं खळखळून हसताना ऐकलं.

२० सप्टेंबर

आज एक विचित्र गोष्ट पाहिली. गावाबाहेरच्या लांब सायडिंगवर, म्हणजे बाजूला काढलेल्या रुळावर, धान्याच्या जुन्या डब्यांची एक रांग उभी आहे आणि तिच्या टोकाला निळं निशाण लावलेलं आहे.

रेल्वेत निळ्या निशाणापुढे कुणाचं चालत नाही. डब्याखाली माणूस दुरुस्तीला शिरला की तो ते लावतो. मग त्या डब्याला इंजिनाने शिवायचंसुद्धा नाही. आणि ज्याने लावलं त्यानेच काढायचं, साक्षात मालक आला तरी त्याला हात लावता येत नाही. आमच्या हाडीमासी हे भिनलेलं असतं.

हे निशाण लेनी हॉर्किक नावाच्या मिस्त्रीने लावलंय, सहा वर्षांपूर्वी. ब्रेक बघायला भर दुपारी डब्याखाली गेला तो परत आलाच नाही. त्याची पिकअप रुळाशेजारी तशीच चालू होती. शेरीफने कुत्री आणली, डबे उघडले, शेतं तुडवली. लेनी नाही म्हणजे नाही. आणि निशाण काढायला लेनीच हवा. तेव्हापासून सगळे ते डबे चुकवून जातात.

मी म्हटलं, ऊन-बर्फ खाऊनही रंग कसा उडाला नाही? कोणी बदलता का? ड्वेनने टोपी डोळ्यांवर ओढली आणि गाडी पुढे काढली.

२६ सप्टेंबर

व्हेराबाईंनी बोलावलं. मक्यापासून इंधन काढणारा कारखाना हेल्मरला येतोय. त्यांना आख्खीच्या आख्खी गाडी उभी राहील एवढी सायडिंग हवी आहे, आणि तेवढी लांब एकच आहे. बाई म्हणाल्या, अशा छोट्या लाइनी एका ग्राहकावर जगतात आणि एका ग्राहकावाचून मरतात. कारखाना आला तर नवं इंजिन, नवी माणसं. नाही आला तर दोन वर्षांत भंगारवाला रूळ उचलून नेईल.

जुनी माणसं निशाणाला हात लावणार नाहीत. बाईंनी स्वतः एकदा प्रयत्न केला होता, हात पुढे जाईना. मी लेनीला पाहिलेलंही नाही. मी काढलं तर नोकरी आजपासून कायम, असं बाई म्हणाल्या.

ड्वेनला सांगितलं. तो म्हणाला, अरे शहाण्या, तू लावलंयस का ते? मग झालं तर.

पण लाइन बुडाली तर मी पुन्हा लॉजवर आणि टेस पुन्हा एकटी.

२८ सप्टेंबर

काढलं. स्वच्छ ऊन होतं. आधी प्रत्येक डब्याखाली वाकून पाहिलं, लेनीला हाका मारल्या. खाली फक्त खडी आणि गवत. निशाण हातात आलं तेव्हा उन्हात असूनही बर्फासारखं गार लागलं. डबे ओढून गावातल्या यार्डात आणून उभे केले.

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. टेस पुढच्या शनिवारी येतेय!

२ ऑक्टोबर

लेनी हॉर्किक परत आलाय.

सकाळी चालत ऑफिसात आला. सगळे म्हणतात, तेच कपडे, तीच हजामत, सहा वर्षांत एक दिवसही म्हातारा झालेला नाही. बाई रडल्या, ड्वेनने त्याला उचललंच. चर्चमध्ये गावाने चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा रस्सा, आणि दालचिनीचे रोल केले. कुठे होतास विचारलं की तो फक्त हसतो आणि आणखी एक रोल घेतो.

सगळे आनंदात होते. तो मात्र सारखा माझ्याकडे बघत होता. वाईट वाटल्यासारखा.

४ ऑक्टोबर

माझ्या पिकअपसमोर निळं निशाण. उपटून फेकलं, कुणाची तरी थट्टा म्हणून. कॉफी पिऊन आलो तर पुन्हा तिथेच. ड्वेनला बोलावलं. त्याने पाहिलं, टोपी काढली आणि मागे सरकला.

मग घराच्या दारावर. दार आतून उघडेना. मागच्या खिडकीतून बाहेर पडलो, खांदे सोलवटले. खिडकी आधी एवढी अरुंद नव्हती.

६ ऑक्टोबर

लेनीला गाठलं. आज सगळं बोलला. म्हणाला, मी खालीच होतो रे. तुमचे सगळ्यांचे बूट दिसायचे. निशाणाखाली कुणीतरी असावंच लागतं. दुसऱ्याने काढलं की आतला सुटतो आणि काढणारा आत जातो. माझ्याआधीही एक होता, त्याचं मी काढलं होतं.

मी म्हटलं, मला सांगायचंस तरी!

तो म्हणाला, खालून ओरडलेलं कुणाला ऐकू जात नाही. फक्त निशाणाला हात लागला की त्या माणसाला ऐकू जातं, तेवढाच क्षण. तू हात घातलास तेव्हा मी ओरडू शकलो असतो. सहा वर्षं झाली होती, गॅरेट. मी तोंड दाबून धरलं.

आणि रडायला लागला. मी त्याला मारलंही नाही.

७ ऑक्टोबर

पळतो. टेस उद्या येणार, तिला वाटेतच गाठायचं. पिकअपसमोर निशाण आहे, म्हणून पायी निघालो. हमरस्त्याआधी यार्ड. फाटकावर तीच डब्यांची रांग आडवी उभी. वळसा घालायला निघालो — रांग संपेना. चालतोय, चालतोय, डबेच डबे. मागे गाव तेवढंच जवळ.

पलीकडे हमरस्त्यावरचे ट्रक ऐकू येतायत. दोन डब्यांमधून वाकून गेलं की झालं. पहिल्या दिवशी शिकवतात, निशाण न लावता वाकायचं नाही. पण माझं निशाण लावतोय कोण —

वाकून जातो.

पलीकडची बाजू नाही. वाकलो, सरपटलो — पुन्हा खडी, पुन्हा चाकं. वर लोखंड. उभं राहता येत नाही.

ऊन आहे. नेहमीच ऊन. भूक नाही. तहान नाही. वही खिशात होती, म्हणून लिहितोय.

बूट दिसतात. ड्वेनचे. लेनीचे. ओरडलो, घसा फाटेपर्यंत. कुणी वळत नाही.

शेरीफची कुत्री आली. माझ्या तोंडासमोर हुंगून गेली.

नव्या इंजिनाचा आवाज. कारखाना सुरू झाला असणार. नवे बूट, खूप. व्हेराबाई कुणाला तरी सांगतायत, आता आणखी एक शाखा घेऊ. लाइन वाढतेय. टोकाला पुन्हा निळं निशाण, म्हणून हे डबे तेवढे चुकवून जातात सगळे.

किती झालं? माहीत नाही. टेसचा चेहरा आठवतो, आवाज आठवत नाही. मला घरी जायचंय. घरी जायचंय.

टेसचे बूट! तपकिरी, डाव्याची टाच झिजलेली. तीच. शेजारी लेनी.

लेनी तिला सांगतोय, तुम्ही रेल्वेच्या नाही ना वहिनी, मग तुम्हाला कसली बंदी? तेवढं निशाण काढा, गॅरेट बाहेर येईल. माझ्यावर उपकार आहेत त्याचे.

खोटं नाही बोलत तो. पुढचं बोलत नाही.

ती विचारते, नक्की येईल? — हाच तो आवाज. हाच.

पुढे आली. तिची सावली माझ्या वहीवर.

हात लावला की ऐकू जाईल तिला. एकच शब्द पुरे, ‘नको’, एवढाच. ओरडायचं. ती हात लावेल आणि मी —

बोटं निशाणावर. ती म्हणतेय, किती गार आहे हे.

आता. आत्ता ओरड. तोंड उघड, गॅरेट —

मी अजून लिहितोच आ