हुल्दाबाईंचे मिस्टर आणि माझी मुलाखत

मयूर विहार, दिल्ली

आदरणीय अंबादासमामा,

सुहासिनीचा प्रभूच्या नावात सलाम. तुमचा गुडघा कसा आहे? मामींची तब्येत? इथे थंडी आहे, धुकं आहे, आणि त्यात मी नेहमीपेक्षा जरा जास्तच हरवलेली असते.

मामा, बावन्नाव्या वर्षी मी ईश्वरविज्ञान शिकायचं ठरवलंय. (बसून वाचा.) परवा कॉलेजात मुलाखत होती. मेट्रोत खिडकीशी जागा मिळाली. यमुनेवर धुकं तरंगत होतं, आणि त्यात मी कुठल्याशा चर्चच्या मंडळीत उपदेश करतेय, लोक चक्क जागे आहेत, असं दिसू लागलं. भानावर आले तेव्हा द्वारका आली होती. (उतरायचं होतं अर्ध्या वाटेत.)

उलट फिरून धापा टाकत पोचले, तर गार्ड म्हणाला, "पास्टर लोगों की मिसेस? सीधा हॉल में." तिथे पाळकांच्या बायकांना वेदीवरची फुलं रचायला शिकवत होते. मीही तंद्रीत अर्धी फुलदाणी भरली, तेव्हा कुठे लक्षात आलं की आपण बायबलाची ग्रीक शिकायला आलोय. (फुलदाणी छान झाली होती, खोटं का बोलू.)

मुलाखतीला तीन सर. मोठ्या सरांनी विचारलं, "मिस्टर पाळक आहेत?"

म्हटलं, "नाही, विमा कंपनीत आहेत."

"मग आपण हे शिकून काय करणार?"

पाठ केलेलं उत्तर द्वारकेलाच उतरलं होतं. खिडकीतून पुस्तकांवर कोवळं ऊन आलं होतं, त्याकडे बघत मी म्हणाले, "सर, यरुशलेमच्या मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला तेव्हा योशीया राजानं थोरल्या याजकालाच संदेष्ट्री हुल्दाबाईंकडे पाठवलं, देवाचं म्हणणं काय ते विचारायला. त्यांचे मिस्टरही पाळक नव्हते. कपडेखात्यात होते."

एक सर खुदकन हसले. मोठ्या सरांनी पवित्र शास्त्र उघडून खात्री केली. मग म्हणाले, "ग्रीक झेपेल?"

बाहेर कडुनिंबाखाली बसून रडले, मामा. आई आठवली. तुम्ही पाळक व्हायला शिकत होतात तेव्हा सेमिनरीतली तुमची पुस्तकं ती तुमच्याआधी वाचून काढायची, आणि घरच्यांनी तिला शिवणक्लासला घातलं, हे तुम्हीच सांगायचात.

तुमची भाची,
सुहासिनी

ता. क. प्रवेश पक्का होण्याआधी एका मंडळीत उपदेश करून दाखवायचाय. आमचे इथले पाळक "बघू" म्हणाले. तुमच्या चर्चच्या पुलपिटावर आजवर बाई चढली ती फक्त धूळ पुसायला, हे मला माहीत आहे. तरी विचारते. येता रविवार मला द्याल?

आणखी एक. तिकिटं काढली आहेत. आमच्या मिस्टरांना, इंद्रजितना, वाटतंय, आम्ही हुरडा खायला येतोय. तेवढी कणसं राखून ठेवा, म्हणजे त्यांच्याशी मी खोटं बोलले असं व्हायचं नाही.